बरे करणे आणि तारणे

सातारा-सांगलीकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो तो ‘बरं आहे ना?’ हा. या ‘बरे’ शब्दाची गंमत अशी की तो प्रकृतीला लागतो तसाच परिस्थितीला आणि स्वभावालाही लागतो. ताप उतरला की माणूस बरा होतो. थोरल्याला नोकरी लागली की घरचे बरे चालते. आणि शेजाऱ्याविषयी ‘माणूस बरा आहे’ असे म्हणताना आपल्या मनात त्याचा रक्तदाब नसतो. बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे येशूच्या रोगनिवारणाच्या कथा आल्या तेव्हा त्यांनी हाच घरगुती शब्द उचलला. मूळ ग्रीक ग्रंथात यांपैकी अनेक ठिकाणी ‘सोझो’ हे क्रियापद आहे व त्याला दोन अर्थ आहेत: रोगातून बरे करणे आणि संकटातून वा पापातून तारणे. लूकच्या शुभवर्तमानात येशू श्रद्धेविषयीचे एकच वाक्य चार निरनिराळ्या व्यक्तींना उद्देशून बोलतो. त्यांपैकी एक गावाने पापी ठरविलेली स्त्री आहे, दुसरी बारा वर्षे रक्तस्रावाने खंगलेली स्त्री आहे. ग्रीकमध्ये दोघींना उद्देशून शब्द तेच आहेत. मराठीत मात्र पहिलीला श्रद्धेने ‘तारले’ आहे आणि दुसरीला ‘बरे केले’ आहे. भाषांतरकाराचा यात दोष नाही. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत. परंतु दोन शब्द झाले की दोन खाती होतात. तारणे धर्मोपदेशकाकडे जाते आणि बरे करणे डॉक्टरकडे, किंवा मग डॉक्टरच्याही आधी कुणा चमत्कार करणाऱ्याकडे. या फाटाफुटीविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. शुभवर्तमाने त्याने वाचली ती ज्ञानेश्वरी, तुकारामगाथा यांच्याच फळीवर ठेवून, आणि चमत्कारांच्या बाबतीत मराठी वाचकाची जी सवय असते तीच घेऊन. रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, गाथा तरली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मोठेपणी आपल्यापैकी कोणी ते अक्षरशः मानतो, कोणी रूपक मानतो, कोणी सोडून देतो. पण त्यासाठी ज्ञानोबा-तुकोबा कोणी सोडीत नाही. तीच मोकळीक येशूच्या कथांपुढे घेतली तर एक गोष्ट ध्यानात येते. या कथांत जे घडले ते कसे घडले याविषयी लिहिणारे फारच थोडे सांगतात. कोणाला घडले, कोणासमोर घडले आणि त्यानंतर त्या माणसाचे काय झाले, हे मात्र ते बारकाईने सांगतात.

मार्कच्या पहिल्याच अध्यायातील कुष्ठरोगी पाहा. यहुद्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे अशा माणसाने वस्तीबाहेर राहावे, केस मोकळे सोडावेत, आपण अशुद्ध असल्याचे ओरडून सांगावे. तो येशूकडे येतो. येशूला त्याची दया येते व तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. आता नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. अन्यत्र असे नुसते शब्दाने बरे झालेले लोक आहेत. येथे स्पर्श आधी आहे, शुद्धी नंतर. ज्यांनी पैठणच्या नाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून अस्पृश्याचे पोर कडेवर उचलून नेल्याची गोष्ट ऐकली आहे त्यांना या एका हालचालीचे मोल निराळे समजवावे लागणार नाही. पुढे येशू त्याला सांगतो की, हे कोणाला बोलू नकोस. पण याजकाकडे जा, स्वतःला दाखव, मोशेने नेमलेले अर्पण कर. याजक काही औषध देणार नव्हता. तो जे देणार होता त्याला आजच्या भाषेत दाखला म्हणता येईल: हा माणूस आता गावात येऊ शकतो, बाजारात बसू शकतो, आपल्या घरी जाऊ शकतो. कातडी बरी होणे हा कथेचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा त्या दाखल्यात आहे.

दुसरी कथा योहानाने दिली आहे. जन्मतः आंधळा असलेला एक माणूस रस्त्यात बसला आहे. शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न आपल्याकडे दर दुसऱ्या घरात विचारला जातो, फक्त ‘पूर्वसंचित’ आणि ‘भोग’ हे शब्द वापरून. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पाप याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. मुद्दा एवढ्यावर मिटत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच योहानात, अडतीस वर्षे बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेल्या माणसाला बरे केल्यावर येशू बजावतो की, यापुढे पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. भाष्यकारांनी या दोन वचनांची सांगड घालण्याचे पुष्कळ प्रयत्न केले आहेत, ते मला फारसे पटत नाहीत. पण एक भेद स्पष्ट दिसतो. तळ्याकाठच्या माणसाला हे सांगितले ते तो बरा झाल्यानंतर. आजारी माणूस समोर पडलेला असताना त्याच्या दुखण्याचा हिशेब त्याच्याच नावावर मांडून येशू निघून गेला, असे चारही शुभवर्तमानांत कोठे आढळत नाही.

आणि श्रद्धेचे काय? येथे लोकांचा मोठा गैरसमज आहे, आणि तो निरुपद्रवी नाही. श्रद्धा असेल तर बरा होशील, बरा झाला नाहीस तर श्रद्धा कमी पडली, असे एक सूत्र या कथांतून काढले जाते. कथा वाचल्या तर हे सूत्र टिकत नाही. चौघांनी छपराला भोक पाडून ज्या पक्षाघाती माणसाला खाली सोडले त्याच्या स्वतःच्या श्रद्धेविषयी मार्क काहीच सांगत नाही. येशूला दिसली ती त्या आणणाऱ्यांची श्रद्धा. याईराची मुलगी तर निपचित पडली होती, तिला कोण श्रद्धा विचारणार? बेथेस्दाच्या माणसाला आपल्याला कोणी बरे केले हेही ठाऊक नव्हते. आणि फेफरे येणाऱ्या मुलाचा तो बाप! मुलगा विस्तवात पडतो, पाण्यात पडतो, काही करता आले तर करा असे तो म्हणतो. आणि श्रद्धेचा विषय निघताच, आपला विश्वास आहे पण तो पुरेसा नाही, त्या अपुरेपणातच आपल्याला मदत करा, अशी विनवणी करतो. इतकी प्रामाणिक प्रार्थना धर्मग्रंथांत क्वचितच सापडेल. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर येशू मुलाला बरे करतो. श्रद्धा ही फी असती तर हा बाप दाराबाहेरच राहिला असता. नासरेथमध्ये लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारसे काही करता आले नाही असे मार्क लिहितो, हे खरे. पण तो अविश्वास गावातल्या धडधाकट मंडळींचा होता. थोडेफार रोगी तेथेही बरे झालेच.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण माझ्या परिचयातील एका शिक्षकाच्या घरी घडले. त्यांच्या मुलाला फिट येत. गोळ्या चालू होत्या, महिनोन्‌महिने त्रास नव्हता. कोणाच्या तरी सांगण्यावरून ती मंडळी एका प्रार्थनासभेला जाऊ लागली. तेथे गोळी घेणे म्हणजे देवावर संशय घेणे, असे त्यांना सांगण्यात आले. गोळ्या एकदम बंद झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात मुलगा विहिरीच्या कठड्याजवळ पडला. सुदैवाने वाचला. पण त्यानंतर सभेतून आलेला निरोप असा होता की, आईबापांची श्रद्धा उणी पडली. त्या माउलीच्या तोंडावरचा तो अपराधीपणा मी पाहिला आहे. वाचकांनी असा ग्रह करून घेऊ नये की, हा एकाच धर्माचा दोष आहे. अंगारा, गंडा, उतारा यांच्या नावावर हेच होते, आणि तेथे ‘श्रद्धा’ऐवजी ‘दोष’ हा शब्द असतो. मात्र जो ग्रंथ हातात धरून हे सांगण्यात आले त्याच ग्रंथात त्या फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप उभा आहे, हे त्या सभेतील कोणाच्याही लक्षात येऊ नये याचे नवल वाटले.

वस्तुतः येशूने वैद्याकडे जाऊ नका असे कोठेही म्हटलेले नाही. निरोग्यांना वैद्य लागत नाही, रोग्यांना लागतो, हा दाखला त्याने स्वतःच्या कार्यासाठी वापरला. त्याचे एक चरित्र ज्या लूकच्या नावावर आहे त्याला परंपरा वैद्य म्हणते. रक्तस्राव होणाऱ्या स्त्रीने सगळा पैसा वैद्यांवर घालवला आणि गुण आला नाही, असे मार्क जरा तिखटपणे लिहितो. लूक मात्र ही तक्रार सौम्य करतो, यात व्यवसायबंधूंची बाजू सावरण्याची वृत्ती असावी असे काही अभ्यासक गमतीने म्हणतात! याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी मारून स्वतःला सिद्ध करण्याचा मोह त्याने टाळला आणि चिन्ह दाखव म्हणणाऱ्यांना त्याने चिन्ह दाखविले नाही. बरे झालेल्यांना तो पुनःपुन्हा गप्प राहायला सांगतो. जाहिरातीचा फलक लावून आजार बरे करण्याचा जो धंदा आज चालतो त्याच्याशी या संकोचाचे नाते जोडणे कठीण आहे.

तेव्हा या कथा मानणाऱ्या माणसाने करावे तरी काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच भागात, कृष्णेच्या खोऱ्यात, दगडविटांनी दिले गेले. विल्यम जेम्स वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. त्यांचा प्रारंभीचा दवाखाना सांगलीचा. पुढे त्यांनी मिरज निवडली. मिरज हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान, आणि नव्याने झालेल्या रेल्वेमुळे चहूकडून रोगी येण्यास सोयीचे. १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे राहिले. १८९७ पासून वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग सुरू झाले व तेथून शिकून बाहेर पडलेले देशी डॉक्टर ठिकठिकाणच्या मिशन दवाखान्यांत गेले. कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत स्वतंत्र व्यवस्था झाली, क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झाले आणि त्या वस्तीला वॉन्लेसवाडी हे नाव पडले. १९२८ मध्ये डॉक्टरांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ मध्ये ते अमेरिकेत वारले. इकडे सातारा जिल्ह्यात, धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी ख्यात असलेल्या वाईसही अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते.

एका दृष्टीने मिरजेला हे नवीन नव्हते. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याशी दुखणेकरी पूर्वीपासून येत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तेथे आपली गाण्याची सेवा रुजू करीत आणि त्यांनाही मीरासाहेबांच्या कृपेने आराम पडल्याची आख्यायिका गावात सांगितली जाते. ज्या गावात माणसे बरे होण्यासाठी येतच होती, त्याच गावात क्लोरोफॉर्म आणि शस्त्रक्रियेची मेजही आली. मोतीबिंदू काढून घेतलेला खेड्यातला म्हातारा बैलगाडीतून घरी परतला तेव्हा त्याच्या गावाच्या लेखी आंधळ्याला दृष्टी आली होती. येथे रहस्य काहीच नव्हते. उकळलेली हत्यारे आणि सरावलेला हात होता. परंतु कोणत्या जातीच्या रोग्याला हात लावावयाचा हे त्या मेजेवर विचारले जात नव्हते. त्या काळच्या महाराष्ट्रात ही गोष्ट किती मोठी होती हे समजण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. पतीने धर्मांतर केल्यावरही सोवळे-ओवळे सुटायला त्यांना किती वर्षे किती झगडावे लागले, ते त्यांनी हसत हसत सांगितले आहे.

या सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे मिशनने कधी लपविले नाही. रोग्यांपुढे बायबल वाचले जाई, प्रार्थना होई. गांधीजींनी यावर स्पष्ट आक्षेप घेतला होता: सेवा करावयाची तर ती सेवा म्हणूनच करावी, असहाय माणसाच्या अंथरुणाशी धर्म बदलण्याची गोष्ट काढू नये. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो शुभवर्तमानाच्या आधारेही घेता येतो. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला, आणि तोही परका शोमरोनी. येशूने उरलेल्या नऊ जणांची चौकशी केली. पण त्यांचे बरे होणे परत घेतले नाही. मिरजेहून बरे होऊन गेलेल्या असंख्य हिंदू-मुसलमान रोग्यांनी आपला धर्म सोडला नाही व रुग्णालयानेही दार लावून घेतले नाही. हेतू काहीही असो, आचरण कथेला धरून झाले.

हेतू आणि आचरण यांतले हे अंतर एका मराठी ख्रिस्ती कवीला फार बोचत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मिशनच्या चाकरीत वर्षे काढल्यावर, १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला गुरू मानणारे सर्व तेथे यावेत, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही, अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि दरबार पुढे नीट चालला नाही. टिळक डॉक्टर नव्हते. पण तारण्याचे खाते चर्चच्या दप्तरातून सोडवून माणसांत आणण्याचा त्यांचा हा यत्न होता. मिरजेच्या डॉक्टरांनी बरे करण्याचे टोक धरले, साताऱ्याच्या कवीने तारण्याचे.

साताऱ्याचेच आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे, आणि ते घेतल्याने काही वाचकांच्या भुवया उंचावतील. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात घेतले व साताऱ्यास काही वर्षे व्यवसाय केला. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. चमत्काराने रोग बरे करण्याच्या दाव्यांना, ते कोणत्याही धर्माच्या नावाने असोत, त्यांनी जन्मभर आव्हान दिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. पण दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगण्यास त्याच कायद्याने मोकळीक ठेवली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. जुनी कथा सांगणे वेगळे आणि आजच्या रोग्याच्या हातातली गोळी काढून घेणे वेगळे, हा भेद विधिमंडळाला कळला. धर्मनिष्ठांना तो कळण्यास अडचण नसावी. दाभोलकर देव मानीत नव्हते. तरीही रोग्याला दोषी ठरवून त्याच्याकडून पैसे काढणाऱ्यांविषयीचा त्यांचा संताप आणि मंदिराच्या अंगणात सराफांचे चौरंग उलथणाऱ्याचा संताप यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

अडचण खरी आहे ती वेगळीच. बेथेस्दाच्या तळ्याकाठी रोग्यांची गर्दी होती आणि त्या दिवशी बरा झाला एकच. बाकीच्यांचे काय झाले, योहान सांगत नाही. पौलाच्या देहातही एक शल्य होते. ते दूर व्हावे म्हणून त्याने तीनदा विनविले, ते गेले नाही. प्रत्येक रुग्णालयाच्या मागच्या दाराने रोज कोणीतरी घरी नेले जाते, आणि प्रत्येक प्रार्थनाघरातून कोणीतरी न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेसह परततो. बरे करणे आणि तारणे हे एकच असेल तर बऱ्या न झालेल्याला तारले नाही असे होईल. आणि ते अगदीच वेगळे असतील तर येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श करण्याची गरज नव्हती. यावर मजजवळ तयार उत्तर नाही. स्पर्श मात्र दोघांनाही करता येतो, जो बरा होणार आहे त्याला आणि जो होणार नाही त्यालाही. मिरजेच्या कुष्ठरुग्णालयाची सुरुवात झाली तेव्हा रोगावर खात्रीचे औषध नव्हते. गुणकारी गोळ्या आल्या त्या कित्येक दशकांनंतर. तोवर तेथे जे चालले होते त्याला काय म्हणावे? उपचार म्हणावे तर रोग हटत नव्हता, आणि चमत्कार तर नव्हताच. जखमा धुतल्या जात होत्या, पट्ट्या बदलल्या जात होत्या, जेवण मिळत होते.

आज मिरजेत पावलोपावली रुग्णालये आहेत, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बरे करण्याची साधने वॉन्लेस यांच्या स्वप्नातही नसतील इतकी वाढली. आणि रोग्याचा पहिला प्रश्न आता ‘बरा होईन का’ हा नसून ‘खर्च किती येईल’ हा झाला आहे. परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांचा काळ ओसरला. कर्ज काढून, रान विकून उपचार करणारी कुटुंबे जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत कोणत्याही शिक्षकाला आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी सापडतील. शोमरोन्याची प्रसिद्ध गोष्ट येशूने सांगितली ती या अंगानेही वाचण्यासारखी आहे. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक बाजूने गेला, लेवीही गेला. परक्या जातीचा शोमरोनी थांबला. त्याने मंत्र म्हटला नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले व रात्रभर शुश्रूषा केली. सकाळी निघताना त्याने दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवले. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. याहून अधिक जो खर्च लागेल तो मी परत येताना देईन, असे त्याने मालकाला सांगितले, आणि मग तो आपल्या कामाला गेला.